उजनीचे मासे कोणत्या वहीत?

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पिंपळी हे गाव दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येते. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा, आणि भीमेवर आता उजनीचा फुगवटा भिगवणपर्यंत आलेला. या पट्ट्याला मोजमापाची सवय जुनी आहे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि पाळी, चारी, क्युसेक, पाणीअर्ज हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आले. पुढे साखर कारखान्यांचे वजनकाटे आले, एकरी टनेज आणि साखरेचा उतारा आला. दूध संकलनाच्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफचा आकडा पाहिल्याशिवाय कोणी घरी जात नाही. उजनीत किती टीएमसी पाणी आहे, उणे किती टक्के, अधिक किती टक्के, हे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येते. पण त्याच पाण्यात मासे किती आहेत, कोणत्या जातीचे आहेत, गेल्या दहा वर्षांत कोणते वाढले आणि कोणते संपत आले, याचा असा रोजचा, जाहीर आणि तपासता येईल असा हिशेब कोणी मांडत नाही. ज्या मुलखाने पाण्याचा थेंब आणि उसाची मोळी मोजली, त्याने मासा मात्र सुटाच ठेवला.

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे: भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद जिथे नावानिशी झाली तिथे ती दोनशे वर्षांनंतरही उपयोगी पडते आहे, आणि जिथे नुसत्या वजनाने झाली तिथे तिने नदीत काय घडते आहे ते सांगण्याऐवजी झाकले आहे. देशादेशांनी मिळून मत्स्यसाठ्यांवर लक्ष ठेवण्याचे जे प्रयत्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झाले, त्यांचा भलाबुरा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो.

सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्सपासून करावी लागते. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने साइक्सला दख्खनचा सांख्यिकी अधिकारी नेमले. महसूल ठरवायचा तर मुलूख माहीत हवा, म्हणून जमीन, पिके, माणसे, हवामान, पशुपक्षी या सगळ्यांची नोंद घेण्याचे हे काम. हेतू कंपनी सरकारच्या तिजोरीचा होता, यात शंका नाही. पण साइक्सने ते काम हेतूच्या पलीकडे नेले. १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवर निबंध मांडला आणि त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने दिली. मुळा-मुठा, भीमा, शिरूरजवळची घोड या नद्यांतून त्याने मासे मिळवले होते. भीमेवरच्या ज्या ‘पैरगाव’चा तो उल्लेख करतो ते बहुधा आजचे पेडगाव, म्हणजे उजनीच्या फुगवट्यापासून फार दूर नसलेले ठिकाण. हे मासे त्याला दाखवले आणि त्यांची नावे सांगितली ती इथल्या भोई-कोळ्यांनी, कारण त्याने शास्त्रीय नावांतच ती बोली नावे ओवली: खुद्री, कोळस, मुसळ्या, गोगरा, शिंगटी. जगभरच्या ग्रंथांत आजही पुणे जिल्ह्यातल्या माशांची ही नावे लॅटिन वेशात वावरतात. ज्यांनी ती सांगितली त्यांचे एकही नाव मात्र त्या निबंधातून आपल्यापर्यंत आलेले नाही.

साइक्सच्या यादीत उणिवा भरपूर आहेत. त्याची वर्णने त्रोटक आहेत आणि त्याने वर्णिलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहात सापडत नाहीत, त्यामुळे अमुक नावाचा मासा नेमका कोणता यावर पुढच्या अभ्यासकांना दीर्घकाळ वाद घालावा लागला. तरीही त्या यादीची किंमत कमी होत नाही. १९४०च्या दशकात फ्रेझर आणि सूटर यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या, १९६३ मध्ये तोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुन्हा केली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातल्या अभ्यासकांनी या सगळ्या याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या. मुळा-मुठेतून कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या आणि कोणत्या परक्या जाती शिरल्या हे तेव्हा नावानिशी सांगता आले. साइक्सने ‘पुण्याच्या नद्यांत मासे विपुल आहेत’ एवढेच लिहिले असते किंवा पुण्याच्या बाजारात येणाऱ्या मासळीचे मण-शेर मांडले असते, तर ही तुलना अशक्य होती. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. हाच साइक्स १८३४ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. आकड्यांवर इतका विश्वास असलेल्या माणसाने माशांच्या बाबतीत मात्र मोजण्याआधी नाव विचारले.

पुढच्या काळात सरकारी नजर बदलली. फ्रान्सिस डेने १८७०च्या दशकात हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल दिला आणि माशांचा मोठा ग्रंथ लिहिला. नद्यांत बारीक आसाची जाळी, विष आणि सुरुंग यांनी पिलांचा नाश होतो अशी तक्रार त्या काळात वारंवार होत होती. तिचा परिणाम म्हणून १८९७चा भारतीय मत्स्य कायदा आला आणि त्याने सुरुंग व विष घालून मासे मारण्याला बंदी केली. कायदा चांगला होता. मात्र नदीत काय उरले आहे ते पाहण्याची व्यवस्था त्याने केली नाही. ज्या रीतींना बंदी घातली त्यांचे परिणाम कोणी मोजत नव्हते. याच दशकांत नीरेच्या उपनदीवर भाटघरचे धरण उभे राहिले, कालवे वाहू लागले, आणि पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशांच्या वाटेत मोठी भिंत आली. तिच्यामुळे कोणता मासा वर जायचा थांबला, याची नोंद ठेवावी असे कोणाच्या मनात आले नाही. पाण्याचे खाते आणि माशाचे खाते तेव्हाच वेगळे झाले, आणि दुसरे रिकामेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर मासा हा अन्नाच्या प्रश्नाचा भाग झाला. ते स्वाभाविकच होते. तुटीच्या काळात प्रथिने कोठून आणायची हा खरा प्रश्न होता. १९४७ मध्ये समुद्री आणि अंतर्गत मत्स्यव्यवसायासाठी केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाल्या. समुद्राच्या बाजूला निवडक बंदरांवर, निवडक दिवशी, निवडक नौकांची पकड जातवार तपासून एकूण पकडीचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय नमुना-पद्धत पुढच्या काही वर्षांत घडवली गेली. रत्नागिरीच्या किंवा ससून डॉकच्या मासळीविषयी बांगडा किती, बोंबील किती, कोळंबी किती असे बोलता येते ते त्यामुळे. तलावांच्या वाट्याला अशी पद्धत आली नाही. तिथे तलाव संस्थेला किंवा ठेकेदाराला द्यायचा, मत्स्यबीज सोडायचे, आणि वर्षाअखेरी संस्थेने कळवलेले वजन वर पाठवायचे अशी रीत पडली. बीज कसले सोडले? कटला, रोहू आणि मृगळ. हे तिन्ही मासे गंगेच्या खोऱ्यातले. भीमा-कृष्णेत ते मुळात नव्हते. आज इंदापूरच्या बाजारात गिऱ्हाईक त्यांना घरचा मासा समजते, इतके ते रुळले आहेत. १९५२ मध्ये तिलापिया भारतात आली आणि चिलापी या नावाने महाराष्ट्राच्या तळ्यातळ्यांत पसरली.

उजनीचा जन्म या वळणावरचा. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९८०च्या सुमारास पाणी अडले, आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावे उठली. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले, ते दुष्काळात तेवढे वर दिसते. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या साठ्याने वाहती भीमा थांबवली. वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या जातींचे घर गेले. संथ, उबदार आणि पुणे-पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याने खतावलेल्या पाण्यात तगणाऱ्या जातींना नवे घर मिळाले. चिलापी कमी प्राणवायूत जगते, वर्षातून अनेकदा अंडी घालते, मिळेल ते खाते. उजनीवर तिचे राज्य झाले, ते याच गुणांमुळे. तिच्या जोडीला शोभेच्या टाक्यांतून निसटलेला सकर मासा आला; त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. धरणाच्या आसपासच्या शेततळ्यांत आफ्रिकी मांगूर छुप्या पद्धतीने वाढवला जाऊ लागला, सन २००० पासून त्यावर बंदी असूनही. आणि फुगवट्यात वडापासारख्या बारीक आसाच्या ओढजाळ्यांनी पिलेच्या पिले उपसली जातात, ही पारंपरिक मासेमारांची तक्रार गेली कित्येक वर्षे चालू आहे.

या काळात उजनीतून निघणाऱ्या मासळीच्या वजनाकडे पाहिले तर हे धरण मत्स्योत्पादनाच्या दृष्टीने यशस्वीच म्हणावे लागेल. भिगवणहून मासळीचे टेम्पो पुण्याला आणि त्याही पुढे जातात, हजारो कुटुंबे त्यावर जगतात. हे यश खोटे नाही. पण वांब, मरळ, शिंगाडा, आहेर पूर्वीसारखे सापडत नाहीत असे काठावरचे लोक सांगतात तेव्हा त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे तपासायला सरकारी कागदात काही नाही. इंदापूर भागातल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांनी आपल्या हिमतीवर उजनीच्या माशांच्या याद्या केल्या, साठीच्या घरात जाती मोजल्या, ते काम मोलाचे आहे. पण यादी ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच सांगते. ‘किती होता, किती उरला’ हे सांगायला वर्षानुवर्षे चालणारी जातवार नोंद लागते.

एकूण वजन वाढत असताना आतून काय पोखरले जाऊ शकते, याचा सर्वांत बोलका पुरावा पुणे जिल्ह्याच्याच माशाने दिला आहे. साइक्सने मुळा-मुठेतून वर्णिलेला खुद्री हा दख्खनचा महसीर. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम केले आणि तिथली पिले देशभरच्या नद्यांत सोडली गेली. हेतू संवर्धनाचा, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे स्तुत्यच. ही पिले कावेरीतही गेली. कावेरीत कुबडा महसीर नावाची, माणसाएवढी वाढणारी, जगात दुसरीकडे नसलेली जात होती. तिथल्या गळ टाकून मासेमारी करणाऱ्यांच्या तळावर पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या अभ्यासकांनी उघडल्या तेव्हा दिसले की महसीरांची एकूण पकड वाढत होती. पण वाढत होता तो बाहेरून आलेला खुद्री. कुबडा घसरत घसरत नाहीसा होण्याच्या बेताला आला होता. ‘महसीर’ असा एकच रकाना असता तर नदी सुदृढ आहे असाच निष्कर्ष निघाला असता. कुबड्याचे शास्त्रीय नावसुद्धा २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्यानंतरच तो अतिसंकटग्रस्त ठरला. नोंद जातवार होती म्हणूनच दुखणे कळले, आणि ती कोणत्याही सरकारने न सांगता ठेवलेली होती.

समुद्रावर हा धडा जगाला फार महाग पडला. उत्तर युरोपातल्या देशांनी १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र-संशोधनाची संयुक्त परिषद स्थापली, कारण हेरिंग आणि कॉड कोणाच्या सरहद्दी पाळत नाहीत आणि एकट्या देशाला साठ्याचा अंदाज बांधता येत नाही हे त्यांना कळले होते. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आली आणि देशोदेशींच्या मासळीचे आकडे एकत्र करू लागली. १९५० पासूनची तिची मालिका आज सर्वत्र वापरली जाते. तरी न्यूफाउंडलंडचा कॉड वाचला नाही. मासे कमी होत गेले तसे ते ठरावीक जागी गोळा होत राहिले, मोठ्या बोटींना ते तिथे भरपूर मिळत राहिले, आणि पकडीच्या आकड्यावर विसंबून साठा प्रत्यक्षाहून मोठा धरला गेला. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो माणसे एका दिवसात कामावाचून राहिली. पकड आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर पुस्तकात होते. त्या वर्षी ते किनाऱ्यावरच्या लोकांना सोसावे लागले. दुसरा प्रसंग चीनचा. २००१ मध्ये वॉटसन आणि पॉली या संशोधकांनी दाखवले की चीनने कळवलेली समुद्री पकड तिथल्या समुद्राच्या कुवतीशी जुळत नाही. उत्पादन वाढवून दाखवण्यात स्थानिक अधिकाऱ्यांचा फायदा होता, म्हणून कागदावर मासे वाढत होते. त्या एका देशाच्या फुगवट्यामुळे जगाची एकूण पकड वाढते आहे असे भासत होते. तो वजा केला तर ती उतरणीला लागलेली होती.

या अनुभवांतून २००३ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सदस्य देशांनी मत्स्यसाठ्यांची स्थिती आणि कल यांविषयीची माहिती सुधारण्याचे धोरण मान्य केले, आणि २००४ मध्ये ‘फर्म्स’ नावाची भागीदारी उभी राहिली. निरनिराळ्या महासागरांवर काम करणाऱ्या संस्थांनी, त्यांत आपल्या हिंदी महासागराच्या टूना आयोगाचाही समावेश आहे, आपापल्या साठ्यांचे अहवाल एका ठरलेल्या साच्यात, स्रोतासह आणि तारखेसह मांडायचे. यात एका जगाचा एक आकडा काढण्यापेक्षा प्रत्येक साठ्याचे निदान वेगळे ठेवण्यावर भर आहे, आणि मला तीच त्याची खरी ताकद वाटते. जैविकदृष्ट्या टिकाऊ पातळीवर असलेल्या समुद्री साठ्यांचे प्रमाण १९७४ मध्ये ९० टक्के होते, २०२१ मध्ये ते ६२.३ टक्क्यांवर आले, हे आपण म्हणू शकतो ते साठ्यागणिक नोंदी आहेत म्हणून. पण ही सगळी इमारत जवळजवळ समुद्रावर बांधलेली आहे. फर्म्समधल्या बहुतेक संस्था समुद्राच्या. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतला मत्स्यसाठ्यांचा निर्देशक समुद्रापुरता. नद्या-तलावांच्या साठ्यांविषयी संघटनेला खोऱ्यांवरच्या दबावावरून आडाखे बांधावे लागतात, कारण देशांकडून येणाऱ्या आकड्यांत जातीऐवजी ‘गोड्या पाण्यातले इतर मासे’ हाच रकाना सर्वांत फुगलेला असतो. आणि गोड्या पाण्यातली मासेमारी करणारा जगातला सर्वांत मोठा देश कोणता? २०२०च्या आकड्यांनुसार, १८ लाख टनांसह, भारत. म्हणजे या जागतिक खात्यातली सर्वांत मोठी अंधारी खोली आपली आहे, आणि उजनी तिच्यातला एक कोपरा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की उजनी ही नदी नाही, तो माणसाने केलेला तलाव आहे. त्यात बीज सोडायचे आणि मासे काढायचे, तिथे ‘नैसर्गिक साठ्या’ची चिंता कशाला? हा आक्षेप निम्मा खरा आहे. साइक्सच्या भीमेची आजच्या फुगवट्याशी तुलना करून गेलेल्या प्रत्येक माशाचा शोक करणे निरर्थक आहे. वाहती नदी अडवली तेव्हाच काही जातींचा निकाल लागला. पण चिलापीचे बीज आज कोणी सोडत नाही, तीच आपली वाढते. मरळ आणि वांबही बीजावर जगत नाहीत. म्हणजे उजनीतल्या मासेमारीचा मोठा हिस्सा पाण्यात आपोआप वाढणाऱ्या साठ्यावरच चालतो. आणि सोडलेले कटला-रोहूचे बीज जगले की वडापात गेले, हे तरी जातवार आणि आकारवार नोंदीशिवाय कसे कळणार? बीज सोडण्याच्या कार्यक्रमाला छायाचित्र निघते. दोन वर्षांनी त्यातले किती किलो हाती आले, हे विचारायची वेळ आली की वही नसते. जनतेचा पैसा पाण्यात सोडल्यावर त्याचा हिशेब मागणे, हे तर या सहकारी मुलखाला कोणी शिकवायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशोदेशींच्या सहकार्याचे काम खोल समुद्रातल्या टूनासाठी ठीक. भीमेचा मासा महाराष्ट्रात जन्मतो आणि महाराष्ट्रातच खाल्ला जातो, त्यात बाहेरच्यांचे काय? एक तर भीमा महाराष्ट्रात संपत नाही. ती कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे तेलंगण-आंध्रात जाते. पाण्यासाठी ही राज्ये एकत्र बसू शकतात हे १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापासून सिद्ध झालेले आहे. कोणत्या धरणात किती टीएमसी, हे एकमेकांवर अविश्वास असूनही मोजले, मांडले आणि मानले जाते. त्याच पाण्यातल्या माशांसाठी तीच राज्ये एक साधा तक्ताही वाटून घेत नाहीत. सकर मासा किंवा मांगूर पुरात धरणाखाली उतरला तर सोलापूर आणि विजयपूरच्या मासेमाराला तो जाळ्यात आल्यावरच कळणार. दुसरे म्हणजे गोड्या पाण्यातही देशांनी एकत्र येऊन हे काम केलेले आहे. व्हिक्टोरिया सरोवरात बाहेरून सोडलेल्या नाईल पर्च माशाने स्थानिक जातींचा फडशा पाडल्यावर केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९९४ मध्ये संयुक्त संघटना केली. काठावरचे मासेमार, होड्या आणि जाळी यांची ठरावीक वर्षांनी गणना आणि बंदरांवर पकडीची नमुना-तपासणी ते करत आले. मेकाँगच्या काठच्या चार देशांचा आयोग १९९५ पासून आहे आणि मासेमारांकडूनच रोजच्या पकडीच्या नोंदी घेतो. यांतले काही देश तर आपल्याहून गरीब आहेत.

तिसरा आक्षेप काठावरून येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मासेमार खरा आकडा का सांगेल? परवान्याची फी, ठेक्याची रक्कम, उद्या लागणारी बंदी, सगळे त्याच आकड्यावर बेतले जाणार असेल तर तो कमीच सांगणार. वर बसलेल्या अधिकाऱ्याला उद्दिष्ट गाठायचे असेल तर तो वाढवून सांगणार. चीनच्या आकड्यांची गोष्ट परक्या स्वभावाची नाही. कोणत्याही व्यवस्थेत ती घडू शकते. यावर उपाय एकच दिसतो: नोंद घेणारा आणि वसुली करणारा हे वेगळे असावेत. समुद्रावर बंदरावरची पाहणी संशोधन संस्था करते, कर गोळा करणारे खाते करत नाही, आणि म्हणून तिच्यावर थोडा तरी विश्वास बसतो. उजनीत हे काम महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्र किंवा अंतर्गत मत्स्यसंशोधन संस्था यांच्याकडे सोपवता येईल. नावे गुप्त ठेवून, आणि आकडे मात्र मासेमारांसमोर उघडे मांडून. ज्याची नोंद त्यालाच परत मिळत नाही ती नोंद फार दिवस खरी राहत नाही.

खर्चाचा मुद्दा मी शेवटी घेतला, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. माशांची जातवार विभागणी भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात रोज होतच असते. चिलापीचा ढीग वेगळा, कटला-रोहूचा वेगळा, मरळ आणि वांब वेगळे, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. लिलावात बोली लागते ती जात आणि आकार पाहूनच. आडतीच्या पट्टीवर वजन आणि भाव उतरतोच. या माहितीत फक्त दोन गोष्टी घालाव्या लागतील: त्या दिवशी किती होड्या पाण्यात गेल्या आणि कोणत्या आसाची जाळी वापरली. एवढ्याने एका होडीमागे किती मासा मिळतो हे वर्षागणिक दिसू लागेल, आणि एकूण वजन वाढत असूनही होडीमागची मरळ घटते आहे का, हे कावेरीच्या वह्यांसारखे इथेही समजेल.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला, बाजार समितीला आणि काठावरच्या मच्छीमार संस्थांना सांगणे एवढेच आहे की पुढच्या मत्स्यवर्षापासून भिगवण आणि इंदापूर या दोन लिलावांत आठवड्यातून दोन दिवस तरी जातवार नोंद सुरू करावी, ती स्वतंत्र संस्थेकडे द्यावी, दर तीन महिन्यांनी बाजाराच्या फलकावर मराठीत लावावी आणि त्यानंतरच दिल्लीला व तिथून रोमला, अन्न व कृषी संघटनेकडे, पाठवावी. पिंपळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने धरणाचा टीएमसी विचारावा तितक्याच हक्काने काठावरच्या भोई-कोळ्यांनी हा तक्ता मागावा.